गोळी चालू आहे, मग लस कशाला?

पत्राचा सारांश : अमेरिकेत, कनेटिकटमध्ये राहणाऱ्या एक वाचक लिहितात. घरात चार वर्षांचा लॅब्राडॉर आहे. त्याला आपण चिकू म्हणू. घरामागे लगेच झाडी सुरू होते आणि शनिवार-रविवार सगळे रानातल्या पायवाटांवर असतात. व्हेटने चिकूला लाइम या गोचिडीतून होणाऱ्या रोगाची लस द्यायला सुचवलं आहे. नवऱ्याला ते पटत नाही. त्याचं म्हणणं : गोचिडींची गोळी दर महिन्याला चालूच आहे, बहुतेक कुत्र्यांना लाइमने काही होत नाही, माणसांची लस तर कंपनीने बाजारातून काढून घेतली, आणि गेल्या वर्षी एकाच दिवशी तीन लसी टोचल्यावर चिकूचं तोंड सुजलं होतं. पत्रलेखिकेच्या डोळ्यांपुढून मात्र शेजारचा लॅब्राडॉर जात नाही. लाइमनंतर त्याच्या किडन्या निकामी झाल्या आणि तो गेला. सहा वर्षांची मुलगी चिकूला बिलगून झोपते. गावाकडून आई फोनवर म्हणते, "आपल्याकडे कुत्र्यांना ही लस कोण देतं?" आमच्या दोघांत बरोबर कोण, असं त्या विचारतात.

उत्तर :

आधी मुलीबद्दल बोलू. पत्र चिकूविषयी असलं तरी तुमची झोप तिच्या काळजीने उडाली आहे, असं मला ते दोनदा वाचल्यावर वाटलं. चिकूला लस दिली की मुलगी सुरक्षित झाली, असं तुम्ही स्पष्ट लिहिलेलं नाही, पण ओळींमागे तेच आहे. तसं होत नाही. चिकूच्या लसीचा फायदा फक्त चिकूला. कुत्र्याकडून माणसाला लाइम होत नाही, चाटण्याने नाही आणि बिलगून झोपण्यानेही नाही. तो होतो संसर्ग झालेल्या गोचिडीच्या चावण्यातून. चिकू घरात आणतो ती गोचीड. आणि त्याला चावण्याआधीच ती केसांतून उतरून गादीवर गेली, तर तिला चिकूने लस घेतली आहे की नाही याच्याशी काही देणंघेणं नसतं.

इथे तुमच्या घरात चालू असलेल्या गोळीबद्दलही एक गोष्ट दोघांनी लक्षात घ्यायला हवी. या चघळायच्या गोळ्यांतलं औषध चिकूच्या रक्तात असतं. म्हणजे गोचीड मरते ती चावल्यावर, रक्त ओढायला लागल्यावर. केसांवरून नुसती चालणारी गोचीड गोळीने मरत नाही. तेव्हा मुलीसाठी करायचं ते वेगळं : रानातून आल्यावर चिकूला दाराबाहेरच हाताने चाचपून बघणं, मुलीचे कपडे ड्रायरमध्ये जास्त उष्णतेवर 10 मिनिटं फिरवणं, तिला अंघोळ घालताना कानामागे, केसांत, काखेत, जांघेत, गुडघ्यामागे नजर टाकणं. गोचिडींच्या दिवसांत तरी चिकूची झोपायची जागा वेगळी करता आली तर बघा. मुलगी रडेल. पण दोन्हींपैकी एक उपाय निवडायचा झाला, तर तिच्यासाठी मी लसीच्या आधी हा निवडेन.

आता चिकू. इथे तुमचा नवरा पुष्कळसा बरोबर बोलतो आहे, हे आधी मान्य करू या.

ज्या कुत्र्यांना लाइमच्या जिवाणूचा संसर्ग होतो त्यांच्यातली बहुसंख्य कधी आजारी दिसतच नाहीत. अशा 100 पैकी साधारण 90 ते 95 कुत्री चाचणीत पॉझिटिव्ह येऊनही मजेत हुंदडत असतात. उरलेल्यांना चावल्यानंतर दोन ते पाच महिन्यांनी ताप येतो, खाणं सुटतं, मरगळ येते, सांधे सुजतात; आज या पायाने लंगडतं, परवा त्या पायाने. माणसांच्या कातडीवर उमटतं तसं गोल लाल चकंदळ कुत्र्यांत शोधत बसू नका, ते सहसा नसतंच. हा सांध्यांचा लाइम डॉक्सिसायक्लिन या अँटिबायोटिकने बरा होतो, बहुतेक वेळा दोन-तीन दिवसांतच कुत्रं उठून चालायला लागतं. कोर्स मात्र महिनाभराचा असतो. एवढंच चित्र असतं, तर "कशाला लस?" या प्रश्नावर मी तुमच्या नवऱ्याच्या बाजूने उभा राहिलो असतो.

पण शेजारच्या कुत्र्याला झालं ते वेगळं. लाइममुळे होणारा किडनीचा आजार फार कमी कुत्र्यांत होतो, पॉझिटिव्ह आलेल्यांतही शंभरात एक-दोन किंवा त्याहून कमी. मात्र तो झाला की लघवीतून प्रोटीन वाहून जायला लागतं, किडन्या झपाट्याने जातात, आणि उपचार करूनही अनेक कुत्री हाती लागत नाहीत. या आजारात लॅब्राडॉर आणि गोल्डन रिट्रीव्हर ही कुत्री वाजवीपेक्षा जास्त आढळतात, आणि नेमकं कोणत्या कुत्र्याला तो होईल हे आधी ओळखता येत नाही. "बहुतेकांना काही होत नाही" हे सगळ्या कुत्र्यांची सरासरी काढली तर खरं आहे. चिकू लॅब्राडॉर आहे, हे त्या सरासरीत बुडून जातं.

तुमच्या बाजूचीही एक गोष्ट आताच सांगून टाकतो, नाहीतर तुम्ही हे उत्तर नवऱ्याच्या नाकासमोर नाचवाल. लस घेतली म्हणजे किडनीचा आजार टळतोच, हे सिद्ध झालेलं नाही. प्रयोगशाळेत कुत्र्यांमध्ये तो आजार घडवून आणून लस तपासता येत नाही, कारण तो तसा घडवताच आलेला नाही. लसीच्या बाजूचा तर्क सरळ आहे : संसर्गच कमी झाला, तर संसर्गातून होणारं पुढचंही कमी होईल. तर्क चांगला आहे, मला पटतो, पण तो तर्क आहे. अमेरिकेतल्या पशुवैद्यकीय इंटर्नल मेडिसिनच्या तज्ज्ञांनी 2006 मध्ये आणि पुन्हा 2018 मध्ये लाइमवर एकत्र बसून मत मांडलं. 2018 च्या गटात लसीच्या मुद्द्यावर एकमत झालं नाही. म्हणजे तुमच्या जेवणाच्या टेबलावर जो वाद आहे, तोच त्या टेबलावरही होता. यात कोणी अडाणी नाही आणि कोणी निष्काळजीही नाही. "व्हेटला पैसे काढायचे आहेत" असा सूर तुमच्या नवऱ्याच्या वाक्यांत आहे. तुमच्या भागातल्या व्हेटने लस सुचवली नसती तरच मला नवल वाटलं असतं. ही लस सगळ्या कुत्र्यांना सरसकट द्यायच्या लसींत मोडत नाही, पण लाइमच्या टापूत राहणाऱ्या किंवा तिथे जाणाऱ्या कुत्र्यांसाठी ती सुचवली जाते. आणि तुम्ही त्या टापूच्या अगदी मध्यात राहता. या रोगाला नावच तुमच्या राज्यातल्या लाइम गावावरून पडलं. 1975 च्या सुमारास तिथल्या दोन आयांनी, आमच्या आणि शेजारच्या इतक्या मुलांचे सांधे एकदम कसे सुजतात, असं विचारत आरोग्य खात्याचा आणि डॉक्टरांचा पिच्छा पुरवला, तेव्हा कुठे शोध सुरू झाला.

त्या शोधात जिवाणू हाती लागला तो 1981 मध्ये. विली बर्गडॉर्फर हे शास्त्रज्ञ गोचिडींची आतडी सूक्ष्मदर्शकाखाली बघत होते, तिथे तो सापडला. आतड्याचं एवढ्यासाठी सांगतो की लसही तिथेच काम करते, आणि ते समजलं की "गोळी आहे, मग लस कशाला" याचं निम्मं उत्तर मिळतं. गोचिडीच्या आतड्यात असताना या जिवाणूच्या अंगावर एक विशिष्ट प्रोटीन असतं. लसीमुळे चिकूच्या रक्तात त्या प्रोटीनविरुद्ध अँटीबॉडी तयार होतात. गोचीड रक्त ओढते, त्याबरोबर त्या अँटीबॉडी तिच्या पोटात जातात आणि जिवाणूला तिथल्या तिथे गाठतात, तो चिकूच्या अंगात उतरायच्या आधीच. जिवाणूला आतड्यातून गोचिडीच्या लाळेपर्यंत यायला वेळ लागतो. चिकटल्यापासून साधारण 24 ते 48 तास. काही लसींमध्ये आणखी एका प्रोटीनविरुद्धही अँटीबॉडी तयार होतात. ते प्रोटीन जिवाणू कुत्र्याच्या अंगात शिरताना धारण करतो.

गोळीचंही याच घड्याळाशी नातं आहे. चिकटलेली गोचीड जिवाणू सोडायच्या आत मरावी, यावर तिचा सगळा भरवसा. वेळेवर दिली तर ती हे काम चोख करते. म्हणून माझ्या हिशेबात गोळी पहिली आणि लस दुसरी. नुसती लस देऊन गोळी बंद करणारे लोकही भेटतात, आणि ती मोठीच चूक आहे, कारण ही लस फक्त लाइमपुरती आहे. तीच गोचीड अ‍ॅनाप्लाझ्मा हा आणखी एक जिवाणू घेऊन येते, दुसऱ्या जातीच्या गोचिडी एर्लिकिया आणि रॉकी माउंटन स्पॉटेड फीव्हर हे आजार आणतात; त्यातल्या कशालाही ही लस हात लावत नाही.

मग गोळी असताना लस लागते कुठे? गोळी चुकते तिथे. एकदा नवऱ्याबरोबर बसून गेल्या वर्षभराची गोळ्यांची पाकिटं किंवा बिलं बघा. बारा महिन्यांच्या बारा आहेत का? बर्फ पडलं की गोळी बंद, हा तिकडच्या घरांचा नेहमीचा शिरस्ता असतो. लाइम पसरवणारी काळ्या पायांची गोचीड तापमान 4 अंश सेल्सिअसच्या वर गेलं की जानेवारीतही चढायला पाय शोधत असते, आणि तिची पूर्ण वाढ झालेली पिढी भर हिवाळ्याच्या तोंडावर, ऑक्टोबर-नोव्हेंबरात जोरात असते. वसंतात आणि उन्हाळ्याच्या सुरुवातीला फिरणारी तिची पिल्लं खसखशीच्या दाण्याएवढी; काळ्या लॅब्राडॉरच्या केसांत ती तुम्हाला दिसतील, ही आशाच सोडा. हरणांना लोक उगाच दोष देतात. हरणांमुळे गोचिडींची संख्या वाढते हे खरं, पण त्यांच्यात जिवाणू येतो तो मुख्यतः पांढऱ्या पायांच्या रानउंदरांकडून, आणि ते उंदीर तुमच्या घरामागच्या झाडीत नक्कीच आहेत.

माणसांच्या लसीचा मुद्दा थोडक्यात. ती 1998 मध्ये आली आणि 2002 मध्ये कंपनीने काढून घेतली, इथवर नवऱ्याचं बरोबर. सांधेदुखीच्या तक्रारी आल्या, कोर्टात दावे झाले, मागणी घसरली. लसीने सांधेदुखी होते असा पुरावा मात्र अमेरिकी औषध प्रशासनाला मिळाला नाही. कुत्र्यांच्या लसी त्याच्याही आधीपासून, 1990 च्या दशकाच्या सुरुवातीपासून वापरात आहेत. या कारणासाठी चिकूची लस अडवण्यात मला अर्थ दिसत नाही.

तोंड सुजलं होतं, तो मुद्दा मात्र हसण्यावारी नेऊ नका. तुमच्या संपूर्ण पत्रात मला सगळ्यात जास्त थांबवणारी ओळ ती होती, आणि तुम्ही ती नवऱ्याच्या तक्रारींच्या यादीत शेवटी ढकलली आहे. लसीनंतर एखादा दिवस मरगळ, टोचल्या जागी दुखणं, हे चालतं. तोंड सुजणं, अंगावर गांधी उठणं, पुन्हा पुन्हा उलट्या, ही अ‍ॅलर्जी. एका बैठकीत जितक्या जास्त लसी, तितका हा धोका वाढतो, असं दिसून आलं आहे. छोट्या कुत्र्यांत जास्त, पण मोठी कुत्रीही सुटत नाहीत. शिवाय एका दिवशी तीन टोचल्या, तर दोषी कोणती हे कळायला मार्ग उरत नाही.

म्हणून व्हेटकडे जाल तेव्हा गेल्या वर्षीचा कागद काढायला लावा. त्या दिवशीच्या तीनपैकी एक लाइमचीच होती का? असली, तर सगळं गणित बदलतं, आणि मग मी "देऊ नका, गोळीवर लक्ष द्या" याच्या बाजूला झुकेन. सूज किती होती, श्वासाला त्रास झाला का, कोसळला होता का, हेही सांगा. श्वास अडकला असेल किंवा चिकू कोसळला असेल, तर लसीचा विषय व्हेटशी सविस्तर बोलल्याशिवाय पुढे नेऊच नका.

तसं काही नसेल, म्हणजे सूज बेताची होती आणि लाइमची लस त्या दिवशी नव्हती, तर माझं मत : द्या. लॅब्राडॉर, घराला लागून झाडी, दर आठवड्याला रान आणि कनेटिकट, या चार गोष्टी एकत्र आल्यावर मी लस टाळणार नाही. पण देण्याची रीत तुमच्या नवऱ्याची भीती मान्य करणारी असू दे. त्या दिवशी फक्त ही एकच लस. बाकीच्या लसींपासून दोन-तीन आठवड्यांचं अंतर. सकाळची वेळ घ्या, आठवड्याच्या मधल्या दिवशी, म्हणजे दुपारी काही झालं तर दवाखाना उघडा असेल. टोचल्यावर अर्धा तास तिथेच बसा. आधी अ‍ॅलर्जीचं औषध द्यायचं का, हे व्हेट ठरवेल. घरातल्या डब्यातली माणसांची गोळी स्वतःच्या मनाने देऊ नका. पहिल्या वेळी दोन डोस असतात, दोन ते चार आठवड्यांच्या अंतराने, आणि नंतर दर वर्षी एक. हा वर्षाचा डोस टाळण्यासारखा नाही. लढाई गोचिडीच्या पोटात व्हायची असल्यामुळे ती चावते त्या क्षणी रक्तात पुरेशा अँटीबॉडी तयार असाव्या लागतात. शरीराला मागाहून आठवून त्या बनवायला सवड मिळत नाही.

लसीआधी एक रक्तचाचणी करून घ्या. दवाखान्यातच काही मिनिटांत होते, लाइमबरोबर एर्लिकिया, अ‍ॅनाप्लाझ्मा आणि हार्टवर्म या हृदयातल्या जंतांचंही सांगते. पॉझिटिव्ह आली तर घाबरून जाऊ नका आणि लगेच अँटिबायोटिकचा आग्रहही धरू नका. त्याचा अर्थ चिकूला कधीतरी संसर्ग झाला, एवढाच. मग महत्त्वाची होते ती लघवीतल्या प्रोटीनची तपासणी. लघवी स्वच्छ आणि कुत्रं ठणठणीत असेल तर अनेक व्हेट नुसतं लक्ष ठेवतात. प्रोटीन जात असेल तर लस बाजूला आणि किडनीचा तपास आधी.

आईंना सांगा, त्यांचंही बरोबर आहे. आपल्याकडच्या कुत्र्यांना छळते ती तपकिरी गोचीड, आणि तिच्यातून येतात एर्लिकिया आणि बबेसिया, ज्यांना आपल्याकडचे व्हेट एकाच नावाने "टिक फीव्हर" म्हणतात. त्यावर लाइमच्या लसीचा उपयोग शून्य. महाराष्ट्रात कुत्रं सांभाळणाऱ्यांनी हे वाचून लाइमच्या लसीच्या मागे लागू नये. गोचिडींचं औषध वेळच्या वेळी दिलं तर तेच पुरे. अमेरिकेतही ज्यांचं कुत्रं दहाव्या मजल्यावर राहतं आणि फुटपाथ सोडत नाही, किंवा जे लाइम अगदी तुरळक असलेल्या राज्यांत आहेत, त्यांनी आपल्या काउंटीत, म्हणजे जिल्ह्यात, किती कुत्री पॉझिटिव्ह येतात हे आधी बघावं. कंपॅनियन अ‍ॅनिमल पॅरासाइट काउन्सिल दर वर्षीचे आकडे काउंटीवार नकाशावर देते. सुट्टीत कुत्र्याला घेऊन मेन किंवा व्हरमाँट राज्यांच्या रानात जाणार असाल, तर दोन्ही डोस निघायच्या काही आठवडे आधी पूर्ण व्हायला हवेत. आदल्या दिवशी टोचून घेतलेल्या सुईचा उपयोग नाही. ज्यांच्या कुत्र्याला फिट्स येतात त्यांनी गोळी निवडताना व्हेटला तसं स्पष्ट सांगावं, कारण गोचिडींच्या अशा चघळायच्या गोळ्यांबद्दल अमेरिकी औषध प्रशासनाने 2018 मध्ये तसा इशारा दिलेला आहे. आणि घरात मांजर असेल तर कुत्र्याचं पर्मेथ्रिन हे कीटकनाशक असलेलं औषध मांजराच्या आसपासही नको, तिच्यासाठी ते जीवघेणं विष आहे.

हे सगळं बोलूनही तुमचा नवरा "नको"वर ठाम राहिला, तर भांडण वाढवू नका. लसीशिवायचा रस्ताही धरता येतो, फक्त तो आळशी माणसाचा रस्ता नाही, हे त्याच्याकडून कबूल करून घ्या. गोळी बारा महिने, तारीख त्याच्या फोनमध्ये, जबाबदारी त्याची. रानातून आल्यावर कानांच्या आत, पट्ट्याखाली, बोटांच्या बेचक्यांत, काखेत, शेपटीच्या मुळाशी हात फिरवायचा. गोचीड सापडली तर टोकदार चिमट्याने कातडीच्या अगदी लगत धरून सरळ वर ओढायची. काडी, तेल, नेलपॉलिश काही नाही. वर्षातून एकदा रक्त आणि लघवी दोन्ही तपासायची. आणि चिकू लंगडला किंवा त्याला ताप वाटला तर त्याच दिवशी फोन. तो एकाएकी खूप पाणी प्यायला लागला, सारखी लघवी करायला लागला, खाणं टाकून उलट्या करायला लागला, तर फोनची वाट न बघता गाडीत घाला आणि दवाखाना गाठा.